मालकाबरोबर कोण होतं

४ जुलै

प्रिय आत्या,

आधी खाली बस. बसलीस? आता वाच.

आज स्लाइडसरांनी वर्गात नवा केस स्टडी वाटला, आणि पहिल्याच पानावर लेखिकेच्या जागी तुझं नाव! मी इतक्या जोरात "अय्या!" म्हणाले की सरांच्या हातातला रिमोट खाली पडला. "माझी सख्खी आत्या आहे ही," असं मी उभं राहून सांगितलं. मागच्या बाकावरून लगेच कोणीतरी, "मग पेपरपण घरी आलाच असेल!" मेले जळतात.

स्लाइडसर म्हणजे कोण ते तुला सांगितलंय ना? तुमच्या विद्यापीठाकडून स्लाइड येतात आणि ते त्या वाचतात, एवढंच काम. पदवी तुमची, पंखे आमचे. मागच्या महिन्यात त्यांनी बर्फावर घसरायच्या बुटांच्या दुकानाचा केस शिकवला. आमच्यातल्या एकानेही तसला बूट पाहिलेला नाही, सरांनीही नाही. तरी सगळ्यांनी चार चार पानं लिहिली आणि सगळ्यांची उत्तरं एकसारखी आली.

पण तुझा केस म्हणजे तुझाच! तो हातमोज्यांच्या कारखान्याचा मालक अगदी डोळ्यांसमोर उभा राहिला. मोठं गिऱ्हाईक तुटलं, कारखाना बंद करायचा ठरला. शहाण्या माणसाने एक नोटीस लावली असती आणि मोकळा झाला असता. हा पठ्ठ्या रोज संध्याकाळी व्हॅन काढून एकेका कामगाराच्या घरी जाऊन तोंडाने सांगत बसला. तेवढ्यात यंत्रं विकत घेणारा कंटाळून निघून गेला आणि यंत्रं भंगारात गेली. मालकाची चूक कोणती, हा प्रश्न. मला वाटलं, तू लिहिलंयस म्हणजे आता जोरदार चर्चा होणार. पण शिक्षकांसाठीच्या टिपणीत उत्तर आलेलंच होतं. सरांनी ते वाचलं: भावना आणि व्यवस्थापन यांची गल्लत. "लिहून घ्या," म्हणाले. "तिकडून उत्तर आलंय, चर्चा कशाला?"

मी मात्र हात वर केला आणि त्या मालकाला असा सोलून काढला म्हणतेस! मी म्हटलं, "तो कामगारांना सांगायला गेलाच नव्हता. स्वतःला माफ करून घ्यायला गेला होता, आणि तेही कंपनीच्या वेळात." सर खूश. भागीदारी दिवसाला तुमच्याकडच्या बाई येणार आहेत, त्यांच्यासमोर हाच केस मी मांडायचा. त्या दिवशीच्या स्पर्धेत जो जिंकेल त्याला शेवटचं वर्ष तिकडे, तुमच्या विद्यापीठात, फी माफ. म्हणजे मी तुझ्या घरी! तुझं डोकं खायला!

एक सांग, हा मालक खरा होता का ग? की रचलास? कोण असेल बावळट बिचारा!

तुझी,
बडबडी

---

९ जुलै

प्रिय बडबडी,

पत्र वाचून हसले. रिमोटचं वाईट वाटलं.

तू पुढे होऊन बोललीस याचा आनंद झाला. इथे माझ्या वर्गात निरनिराळ्या देशांतली मुलं असतात. काही जण विचार करायच्या आधीच बोलतात, आणि काही जण नाव घेऊन विचारल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. त्या गप्प बसणाऱ्यांना काही येत नाही असं मला पहिली काही वर्षं वाटायचं. मीही एके काळी तशीच गप्प बसणारी होते, हे विसरूनच गेले होते बघ. ती टिपणी वर्गात वाचून दाखवण्यासाठी नव्हती. विद्यापीठाला उत्तर हवंच असतं, म्हणून एका दुपारी बसून लिहून दिली. पुढे कुठे कुठे ती जाईल, हा विचार तेव्हा केला नाही.

मालकाचं म्हणशील तर असे लोक असतात कुठे ना कुठे. दोन-चार जणांचं मिळून एक केलंय.

माझं ऐकशील? कार्यक्रमासाठी दुसरा केस घे. तो बुटांचाही वाईट नाही. आत्याचाच केस मांडला तर लोक म्हणतील, घरचं आहे. आणि हे माझ्या दादाला दाखवत बसू नकोस. दिवसभर बॅगांना चेन आणि चाकं बसवून तो दमलेला असतो, त्याला ही जड इंग्रजी कशाला? कार्यक्रमालाही बोलावू नकोस. उगाच अवघडून जाईल.

आईला सांग, पायाला सूज असेल तर कामाची पाळी बदलून घे म्हणावं.

तुझी आत्या

---

२२ जुलै

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मला लाज वाटली. तुझी नाही, माझीच.

खरं सांगते, बाबांना बोलवायचं नाही असं मी आधीच ठरवलं होतं. पोरांचे आईबाप टाय लावून येणार, इंग्रजीत बोलणार, आणि आमचे बाबा त्या शर्टात, ज्याच्या खिशाला कायम यंत्राच्या तेलाचा डाग. मी स्वतःला समजावत होते की त्यांनाच कंटाळा येईल. आणि तू तेच लिहिलंस, "अवघडून जाईल"! तुझ्या अक्षरात माझंच मन वाचलं आणि कानाला चटका बसला. आपण दोघी शिकलो म्हणजे कोण मोठ्या लागून गेलो?

मग मला एक आठवलं. मी अगदी लहान असताना, शाळेत जायच्याही आधी, बाबा मला स्कूटरवर पुढे उभी करून संध्याकाळी लोकांच्या घरी न्यायचे. रोज नवं घर. आत गेलं की घरातल्या बाई माझ्या हातात बिस्किट ठेवायच्या. बाबा मोठ्या माणसांशी हळू आवाजात बोलत बसायचे आणि मी खाली बसून कुरतडत राहायचे. त्यांचा दप्तरांचा कारखाना तेव्हाच कधीतरी बंद झाला, बाजार गेला म्हणून. पण माझ्या लहानपणातल्या सगळ्यात मजेच्या संध्याकाळी त्याच. सांगायचा मुद्दा काय, नाक गळणाऱ्या मला बरोबर न्यायची बाबांना लाज वाटली नाही, आणि मी त्यांना कॉलेजात न्यायला लाजते!

म्हणून काल दुकानात जाऊन आमंत्रण दिलं. आधी म्हणाले, "मला काय कळणार त्यातलं?" मग विचारलं, "पुढे बसायला मिळेल का?" आईने शर्ट शोधायला घेतलाय.

आणि केस तुझाच मांडणार. घरचं तर घरचं. बाबांना तिथेच सांगणार की हे तुमच्या बहिणीने लिहिलंय. कसा चेहरा होईल त्यांचा!

तुझी,
बडबडी

---

३१ जुलै

प्रिय बडबडी,

उत्तरपत्रिकांचा ढीग आहे, सविस्तर नंतर लिहीन. कार्यक्रमाला शुभेच्छा. चांगलं बोल.

आत्या

---

१४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

जिंकले. जागा मिळाली. तुमच्याकडच्या बाईंनी स्वतः येऊन हात मिळवला. तरीही मन थाऱ्यावर नाही, म्हणून तुला लिहितेय.

सगळं नीट सांगते. बाबा पहिल्या रांगेत होते, शर्टाला कडक इस्त्री. मी पहिल्याच स्लाइडवर तुझं नाव दाखवलं आणि आपल्या भाषेत म्हटलं, "ही माझी आत्या, आणि तिचे मोठे भाऊ आज इथे बसलेत." टाळ्या झाल्या. बाबा एवढे खूश झाले की बाजूच्या माणसाला काहीतरी सांगत राहिले.

मग मी बोलायला लागले. इंग्रजी असलं तरी मागे चित्रं होती. कारखाना, यंत्रं, घरं. "दारोदार फिरणारा मालक" म्हणून मी एक व्यंगचित्रही टाकलं होतं, पडक्या खांद्यांचं. लोक खूप हसले. बाबाही हसले. पण शेवटी शेवटी त्यांचं लक्ष पडद्याकडे नव्हतं, माझ्याकडे होतं.

प्रश्नांच्या वेळी स्लाइडसर म्हणाले, पालकांपैकी कोणी धंदा केलाय का? बाबा उभे राहिले. मला वाटलं, कशाला आता! त्यांनी आपल्या भाषेत विचारलं, "तो मालक घरोघर गेला म्हणता. त्याच्याबरोबर कोणी होतं का?"

सरांनी भाषांतर केलं. मी तयारीत होते. मी म्हटलं, "सर, तशी माहिती केसमध्ये नाही. आणि असती तरी निर्णयाच्या दृष्टीने ती बिनकामाची आहे." बाबांना "सर" म्हटलं म्हणून सगळं सभागृह हसलं, आणि टाळ्या पडल्या. पाहुण्या बाईंनी मान डोलावून काहीतरी लिहून घेतलं. बाबा "बरं" म्हणाले आणि बसले.

घरी येताना माझ्याकडून तो केस मागून घेतला. "लिहिलंय छान तिने," एवढंच बोलले. तेव्हापासून गप्प आहेत. रागावलेत म्हणावं तर तसंही नाही. परवा माझ्या पुढ्यात स्वतःच्या ताटातलं वाढलं. पण बोलत नाहीत. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुझ्या आत्याला विचार." आईने असं का म्हणावं?

मी त्यांना "सर" म्हणाले ते लागलं का ग? तू सांग. तू ओळखतेस त्यांना.

तुझी,
बडबडी

---

२० ऑगस्ट

बडबडी,

तुझं पत्र आज आलं.

"सर" म्हटलंस ते नाही लागलं. तो मालक म्हणजे दादा. हातमोजे म्हणजे दप्तरं. व्हॅन म्हणजे स्कूटर. आणि ज्या संध्याकाळी तू बिस्किटं खात होतीस, त्या याच. त्या घराघरांत दादा कारखाना बंद होणार असल्याचं सांगत होता.

मी तेव्हा इथे नवीन होते. एका खोलीत राहायचे, घरच्या आठवणीने रडायचे. दादा त्या दिवसांत रोज फोन करायचा. आज कोणाकडे गेलो, कोण काय म्हणालं, कोण काहीच म्हणालं नाही. दुसऱ्या कोणाला सांगता येत नव्हतं, म्हणून मला सांगायचा. पुढे मला इथे नोकरीत कायम व्हायचं होतं. छापलेलं काही दाखवल्याशिवाय करत नाहीत. मी काय काय लिहून पाहिलं, सगळं परत आलं. मग एक दिवस बसले आणि दादाचं लिहिलं. ते पहिल्या फटक्यात घेतलं गेलं. बक्षीसही मिळालं.

दादाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता, आणि म्हणूनच विचारलं नाही. त्याचं "हो" मला झेपलं नसतं.

सगळं लिहिलं, फक्त तुला गाळलं. का, तेही सांगते. स्कूटरवर पुढे उभी असलेली पोर दाखवली असती तर जगातला कुठलाच विद्यार्थी त्या मालकाला चुकीचा म्हणाला नसता. आणि कोणी चुकल्याशिवाय केस स्टडी होत नाही ग. वर्ग चालला नसता.

हे सगळं तुला नऊ जुलैला लिहिता आलं असतं. लिहायला बसलेही होते. त्याऐवजी बुटांचा केस घे म्हणून सांगितलं. नंतर तुझं ते बिस्किटांचं पत्र आलं. ते वाचून मी काय करायला हवं होतं? त्याच क्षणी फोन उचलायला हवा होता. मी "चांगलं बोल" म्हणून दोन ओळी लिहिल्या. तू दादाला माझ्या शब्दांनी सोलणार हे माहीत असून मी तुला तिथे उभी राहू दिलं. दुसऱ्यांच्या मुलांना मी निर्णय कसा घ्यावा ते शिकवते, बघ.

तुझी काही चूक नाही. तुला दिलं ते तू नीट शिकलीस. मला स्वतःची शरम वाटते. केस मागे घ्यायला मी विद्यापीठाला लिहितेय. दादाला फोन केला, तो उचलत नाही.

आत्या

---

२९ ऑगस्ट

आत्या,

पत्र मी जिन्यात वाचलं.

माझी काही चूक नाही, असं तू लिहू नकोस. ते व्यंगचित्र मी काढलं होतं. पडके खांदे मीच काढले होते, आणि आता घरात दिसतात ते तसेच. ज्याला ओळखतही नाही अशा माणसाला बावळट म्हणायला मला कोणी भाग पाडलं नव्हतं. मार्क मिळत होते म्हणून म्हटलं.

पण तू मला बोलू दिलंस. सभागृहभर माणसांत. मी त्यांना तोंडावर सांगितलं की तुमच्याबरोबर कोण होतं ते बिनकामाचं आहे. आणि ते "बरं" म्हणाले. आत्या, ते "बरं" माझ्या कानातून जात नाहीये.

आणि ती बिस्किटं. ज्यांची नोकरी जात होती ती माणसं मला बिस्किट देत होती. एका घरी तर मी आणखी एक मागितलं होतं, मला चांगलं आठवतंय. मजेच्या संध्याकाळी म्हणे!

त्या जागेचं काय करायचं ते अजून ठरवलं नाही. आले तरी तुझ्या घरी राहीन असं वाटत नाही. बाबांशी अजून बोलले नाही. रोज दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत जाते, ते मान खाली घालून चेन ओवत असतात, आणि परत येते.

मी

---

१६ सप्टेंबर

धाकटे,

खुशाल असशील. तुझे फोन मी उचलले नाहीत. रागाने नव्हे, काय बोलावं ते सुचत नव्हतं. लिहिणं मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा असेल तसं गोड मानून घे.

तुझा धडा वाचला, पुन्हा पुन्हा वाचला. अडलेले शब्द बॅग दुरुस्तीला आलेल्या एका शिक्षिकाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, लिहिणारी हुशार आहे. मी म्हटलं, आहेच. धाकटी बहीण आहे माझी. यंत्रांचं तू लिहिलंस ते खरंच आहे. थांबलो नसतो तर चांगला भाव आला असता.

तू लिहिलंस त्याची मला लाज वाटली नाही. विचारलं असतंस तर बरं झालं असतं, एवढं मात्र वाटलं, खोटं कशाला बोलू. लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. सभागृहात ते चित्र बघून सगळे हसले, तेव्हा मीही हसलो. ओळखलं होतं मी, पहिल्या यंत्रापाशीच ओळखलं होतं. तरी हसलो. बाजूचा माणूस हसत होता म्हणून.

पोर पंधरा दिवस कोपऱ्यावर येऊन परत जात होती. मला दिसायची. मी मान वर केली असती तर ती आली असती, पण मलाही धीर नव्हता. शेवटी एक दिवस आत येऊन स्टुलावर बसली आणि विचारलं, "मला का न्यायचात?" मी म्हटलं, तुझ्या आईची दुपारपाळी असायची. ते खरंच होतं. पण शेजारी ठेवता आली असती. खरं असं की पहिल्या दिवशी नाइलाजाने नेली, आणि पोर बरोबर असली की माणसं आवाज चढवत नाहीत हे त्या पहिल्याच घरी कळलं. म्हणून मग रोज नेली. हे मी तुलाही फोनवर सांगितलं नव्हतं. तेव्हा तिला गाळलं ते एकट्या तूच नाही. आणि सभागृहात इंग्रजीत काय म्हणाली तेही तिने सांगितलं: मालक स्वतःला माफ करून घ्यायला गेला होता. त्यातही थोडं खरं आहे. हे मी तिला तसंच सांगितलं. ती रडली. मीही जरा.

धडा मागे घेऊ नकोस. त्यात पोर घाल. मालक बरोबर की चूक ते मुलं बघतील, पण उत्तर आधी छापून पाठवू नकोस. इथले सर बिचारे वाचून दाखवतात. तू लिहून पाठवलं नाहीस तर त्यांनाही विचार करावा लागेल.

ती तिकडे येईल. मी सांगितलंय, जागा सोडायची नाही. तुझ्याकडे राहील की नाही ते तुमचं तुम्ही बघा. तिला वेळ दे. फोन तू कर, ती उचलेल की नाही माहीत नाही, तरी करत राहा.

आणखी एक. तिने हट्ट धरला की त्या सगळ्या घरी पुन्हा जायचं. मी म्हटलं, कशाला आता? ऐकेना. काल पहिल्या घरी गेलो. आता ती स्कूटर चालवते आणि मी मागे बसतो. पट्टे शिवायच्या त्या बाई, आठवतात का? आता थकल्यात, पण दारातच ओळखलं. आम्हाला बसवलं, आत गेल्या, आणि बिस्किटांची बशी आणून पोरीच्या पुढ्यात ठेवली. आपली बडबडी, जिच्या तोंडाला कुलूप नाही, ती बशीकडे बघत बसून राहिली. हातच लावेना.

बाई म्हणाल्या, "का ग? तेव्हा तर दोन मागितली होतीस."

त्या सगळ्या दिवसांत मी कोणाच्याच घरी काही घेतलं नव्हतं, पाणीसुद्धा नाही. तोंडच नव्हतं मला. पोरीने दोन उचलली. एक माझ्या हातात ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी खाल्लं. मग तिने खाल्लं.

तब्येतीला जप.

दादा